उजवीकडची पाकळी

"म्हणजे तुमचा देव तरी सरळ उत्तर देतो ना?"

हेमंत वारंगनं हे विचारलं तेव्हा त्यानं अजून बूटही काढले नव्हते. एक पाय देवळाच्या पायरीवर, दुसरा अंगणात.

भिकूतात्यांनी बुटांकडे पाहिलं.

बूट निघाले.

मी खांबाला टेकून बसलो होतो. ती माझी रोजची जागा. एसटीत बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. स्टँडवरच्या खिडकीत बसायचं आणि कुठली गाडी कधी सुटणार ते सांगायचं, हे काम. समोर हातभर पाटी, तिच्यावर वेळ लिहिलेली. तरी माणूस ती पाटी वाचून खिडकीशी यायचा आणि विचारायचा, साहेब, साडेचारची गाडी किती वाजता? त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

निवृत्त झाल्यावर नेरवाडीला आलो आणि दुपारचा रवळनाथाच्या देवळात येऊन बसायला लागलो. इथंही माणसं विचारायलाच येतात.

आमच्या भागात देवाला कौल लावतात. अबोलीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून पाषाणाला चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. गुरवानं देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे माणसाची अडचण मोठ्यानं सांगायची. मग वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. पडलेला कौल इथं कोणी मोडत नाही. डावा पडला म्हणून ठरलेलं लग्न मोडलेली माणसं मला माहीत आहेत.

भिकूतात्या गुरव सत्तरी ओलांडलेले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून उजवा हात थरथरतो, पाकळी धरवत नाही. म्हणून गावानं ठरवलं, गाऱ्हाणं तात्यांनी घालायचं, आणि पाकळ्या ज्याच्या त्यानं लावायच्या. आत गाभाऱ्यात नव्हे, बाहेर मंडपात जो पाषाण आहे त्याला.

हेमंत मंडपात येऊन बसला. त्याचे वडील जगन्नाथ माझ्या वर्गात होते. हा जन्मला पुण्यात, वाढला पुण्यात. आता पन्नाशीला आलेला, एका कारखान्याचा मोठा साहेब. चार-पाच वर्षांनी जत्रेला एकदा येतो, नारळ देतो आणि जातो.

आज जत्रा नव्हती. रविवार होता, दुपारचे दोन वाजले होते.

"सरळ उत्तर," तो पुन्हा म्हणाला. "मला फिरवाफिरवी नको आहे. ती सहा महिने झाली."

"कोणी केल्यान?" तात्यांनी विचारलं.

"मी एका लाइफ कोचकडे जात होतो."

"कोणाकडे?"

"लाइफ कोच. म्हणजे... माणूस आयुष्यात कुठं अडला तर त्याला पुढं जायला मदत करायची, असा तो एक व्यवसाय आहे. पुण्यात एक बाई आहेत, केतकी सहस्रबुद्धे."

"बरा."

"दर गुरुवारी एक तास. सहा महिन्यांत तिनं मला एक उत्तर दिलं नाही. एकसुद्धा."

"मग काय दिल्यान?"

"प्रश्न."

तात्या हसले. त्यांचे वरचे दात गेलेले आहेत, त्यामुळे ते हसले की कोणाला हसले ते कळत नाही.

"मी म्हणायचो, मला झोप लागत नाही. ती विचारायची, झोप लागत नाही तेव्हा काय आठवतं? मी म्हणायचो, काही नाही. मग ती गप्प बसायची. काहीच बोलायची नाही. मिनिट मिनिट गप्प."

तात्यांनी मान हलवली, आणि तेही गप्प बसले.

...

हेमंतनं चुळबुळ केली. मांडी बदलली.

"मला वाटलं होतं, तीन महिन्यांत फरक पडेल. सगळ्यांना पडतो म्हणतात."

"कसलो फरक?"

"म्हणजे... मी बदलेन."

"ती बदलतली तुका?"

"त्यासाठीच तर जातो ना माणूस."

"न्हाव्याकडे जाता तसो," तात्या म्हणाले.

मला हसू आलं, मी ते खोकल्यात घातलं. हेमंतला ते कळलं. त्याचा आवाज चढला.

"एक सांगा तात्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे ती. कारखान्याचं गेटसुद्धा पाहिलं नसेल. तिला काय कळणार माझ्या कामातलं?"

तात्यांनी गाभाऱ्याकडे हात केला.

"ह्येनी तरी खंय बघल्यान कारखानो?"

"देवाची गोष्ट वेगळी."

"आसात बापडी."

"निदान माझी बाजू घेईल असं वाटलं होतं. आपल्या माणसासारखी. मी एकदा विचारलं, माझं म्हणणं पटतंय ना तुम्हाला? तर मला म्हणते, तुम्हाला पटतंय का?"

"मग? पटताहा?"

हेमंतनं ऐकलं नाही असं दाखवलं.

"घरी ठाऊक हा?" तात्यांनी विचारलं.

"नाही. बायकोला सांगायचो, ऑफिसची मीटिंग आहे. दार लावून घ्यायचो."

"कित्याक?"

"असल्या ठिकाणी कोण जातं, तात्या? ज्याचं काहीतरी बिघडलंय तो. माझं काही बिघडलेलं नाही."

"मग गेलंस कित्याक?"

...

अंगणात काजूला मोहर आला होता. त्याचा वास मंडपात येऊन बसला होता, जड, गोडसर. हेमंत मोहराकडे बघत असल्यासारखा बाहेर बघत राहिला.

"माझा एकच प्रश्न आहे," शेवटी तो म्हणाला. "कामातली एक गोष्ट आहे. ती आहे तशी राहू द्यावी की नाही, एवढंच देवाला विचारायचंय. उद्या अकरा वाजता मला एका कागदावर सही करायची आहे. इथून चारला निघालो तर मध्यरात्रीपर्यंत पुण्यात पोचेन."

तात्या उठले. पाषाणापुढे दिवा होता, त्याची वात त्यांनी डाव्या हातानं पुढे केली. मग डोळे मिटून मोठ्यानं सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, ह्यो जगन्नाथ वारंगाचो झील पुण्यासून तुज्या पायाकडे इलो हा. तेची कामातली एक गोष्ट आसा. ती कसली तरी आसा. कोणाची तरी आसा. ती कशी तरी..."

थांबले. डोळे उघडले.

"माका पुढचा येणा नाय."

"एवढं पुरे नाही का?"

"ह्यो गावचो देव. अर्धवट सांगलेला तेका कळना नाय."

हेमंतनं माझ्याकडे पाहिलं. मी उठून जावं अशी त्याची इच्छा होती. गाऱ्हाण्याला गावातलं एक माणूस हजर लागतं, तशी रीत आहे. मी बसून राहिलो. खरं सांगायचं तर रीत नसती तरीही बसलोच असतो.

"गेल्या जुलैत कारखान्यात अपघात झाला," तो म्हणाला. आता तो साहेबासारखा बोलत होता, कागदावरचं वाचल्यासारखं. "प्रेस मशीन असतं. पत्रा दाबायचं. त्याच्यापुढे एक जाळी असते, कामगाराचा हात आत जाऊ नये म्हणून. ती काढून मशीन चालवलं गेलं. एका कामगाराची दोन बोटं गेली."

"कोणाची?"

"एका कामगाराची. कंत्राटी होता."

"नाव काय तेचा?"

"नाव..." त्यानं खिशातून मोबाईल काढला. हातात धरला. परत खिशात ठेवला. "बघून सांगतो."



"जाळी कोणी काढल्यान?"

"शिफ्टच्या सुपरवायझरनं. नवनाथ खाडे म्हणून आहे. चौकशीत त्याला विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून काढली? तो गप्प राहिला. मग मला विचारलं, तुम्ही त्याला काही सांगितलं होतं का?"

"मग?"

"मी लिहून दिलं. मला तसं काही आठवत नाही. उद्या त्या जबाबावर शेवटची सही करायची. सही झाली की खाडेला कामावरून काढतील."

"आठवणा नाय तुका?"

...

"नाही."

मला राग आला. असा आला की मांडीवरच्या हाताची मूठ झाली. बत्तीस वर्षांत मी असले जबाब पुष्कळ पाहिले आहेत. आठवत नाही, असं लिहिणाऱ्या माणसाला सगळ्यात चांगलं आठवत असतं.

तात्यांना राग आलेला दिसला नाही. त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा. कारखान्यात एका माणसाची दोन बोटां गेली. नवनाथ खाडे म्हणान एक आसा, तेची भाकरी ह्येच्या सहीत अडाकली हा. 'माका आठवणा नाय' असा ह्येनी लिवन दिल्यान. तां तसाच ऱ्हवांदे असा तुजा म्हणणा आसात, तर महाराजा, उजवी दी. पुसून टाक म्हणत असशीत, तर डावी दी."

असं गाऱ्हाणं संपलं की हजर असलेल्या माणसानं 'व्हय महाराजा' म्हणायचं असतं. ते काम माझं होतं. मी म्हटलं. तोंड कडू झालं.

"लाव," तात्या म्हणाले, आणि पाठ फिरवून कोपऱ्यातली कालची वाळकी फुलं वेचायला लागले.

हेमंत गुडघ्यांवर पाषाणापुढे बसला. पुढ्यात पितळी वाटीत पाणी, ताटलीत अबोली. त्यानं दोन पाकळ्या निवडल्या.

मी तिरका बसलो होतो, मला सगळं दिसत होतं.

डावीकडची पाकळी त्यानं वाटीत पूर्ण बुडवली. पाषाणावर पसरली. मग तिच्यावरून अंगठा फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पाकिटावर तिकीट चिकटवताना फिरवतात तसा. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला.

उजवीकडच्या पाकळीला त्यानं बोटाच्या टोकानं थेंबभर पाणी लावलं, आणि ती नुसती टेकवली. तिच्या कडा वर राहिल्या.

मला सगळ्यात विचित्र वाटला तो त्याचा चेहरा. चेहऱ्यावर लबाडी नव्हती. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर देवाचं नाव. हात काय करतोय ते चेहऱ्याला ठाऊकच नव्हतं.

तो मागे सरला, हात जोडून बसला.

वाट बघणं सुरू झालं.

त्या वेळात मी माझ्या बहिणीचा विचार करत होतो. करायचा नव्हता, आला. शेवंती माझ्याहून थोरली. तिचे यजमान गेले तेव्हा तिला घरी आणायची की नाही, असा कौल मी याच देवळात लावला होता. तेव्हा तात्यांचा हात चांगला होता, पाकळ्या त्यांनीच लावल्या. उजवा पडला, आण. माझ्या बायकोचा चेहरा आठवून मी म्हटलं, तात्या, गाऱ्हाण्यात काहीतरी राहिलं, पुन्हा लावा. पुन्हा उजवा पडला. मी म्हटलं, आणखी एकदा. तिसऱ्या वेळी डावा पडला, आणि मी नमस्कार करून घरी गेलो. शेवंती सासरीच राहिली, तिथंच परक्यासारखी गेली. तात्या तेव्हा मला एक शब्द बोलले नाहीत, त्यानंतरही कधी बोलले नाहीत. मी मात्र रोज दुपारी येऊन बसतो.

माझी मूठ सुटली होती.

उजवीकडची पाकळी पडली.

वारा नव्हता. पाच मिनिटंही झाली नव्हती. कडा आधीच वर होत्या, ती जरा वाळली आणि सुटली.

हेमंतनं श्वास सोडला, मोठा, सगळ्या अंगातून.

"उजवा," तो म्हणाला. "तात्या, उजवा पडला."

तात्या वळले. "पडली?"

"पडली."

"मग झाला तुजा काम."

ते पाषाणापुढे आले, आणि मघाच्याच मोठ्या आवाजात देवाला म्हणाले, "महाराजा, तू सांगलंस तसा ह्यो गप ऱ्हवतलो. उद्या सही करतलो. नवनाथ खाड्याचा काय व्हायचा तां होवंदे. ह्येका बरी झोप दी."

मला 'व्हय महाराजा' म्हणायचं होतं. म्हणवलं नाही.

तात्यांनी नारळाचा तुकडा उचलला आणि पुढे केला.

"घे. परसाद."

हेमंतनं हात पुढे केला. अर्ध्यावर आला आणि तिथंच राहिला. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. अंगठा अजून ओला होता.

"घे मरे," तात्या म्हणाले. "उशीर जाता तुका."

...

"तात्या, डावी मी दाबून लावली."

तात्या तसेच उभे.

"आणि उजवी नुसती टेकवली. पडावी म्हणून."

"माजी पाठ होती," तात्या म्हणाले. "माका काय दिसाक नाय."

"काकांना दिसलं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "दिसलं ना, काका?"

मी खाली पाहिलं. पाकळी दाबणारा तो होता आणि मान माझी खाली होती.

हेमंत खाली बसला. मघा बसला होता तसा ऐसपैस नाही. देवळात म्हातारी माणसं बसतात तसा, पाय पोटाशी घेऊन.

"मला आठवतं," तो म्हणाला.

कोणी काही विचारलं नाही.

"मीच सांगितलं होतं. फोनवर. माल संध्याकाळी निघायचा होता. खाडे म्हणाला, साहेब, जाळीनं वेळ जातोय, दर नगाला उघडायला लागते. मी म्हटलं, मग काढ ना ती, हे पण मीच शिकवू का तुला? आणि फोन ठेवला. एवढंच बोलणं. चाळीस मिनिटांनी पुन्हा फोन आला, तो बोटांचा."

त्यानं तोंडावरून हात फिरवला.

"खाडेनं चौकशीत माझं नाव घेतलं नाही. एकदाही नाही. सध्या त्याला आत घेत नाहीत, तो गेटजवळ बाकावर बसलेला असतो. माझी गाडी आली की अजून उठून उभा राहतो. नमस्कार करतो. रोज. मी काच खाली करत नाही."

...

"ज्याची बोटं गेली तो जनार्दन. जनार्दन शेळके. मला बघायला लागत नाही मोबाईलमध्ये. मला माहीत आहे त्याचं नाव. झोप लागत नाही तेव्हा हेच आठवतं. तो बाक, आणि हे नाव."

तात्या हळूहळू त्याच्यासमोर बसले. बसायला त्यांना वेळ लागतो. एक हात जमिनीवर, एक गुडघ्यावर.

"ह्या त्या बाईक सांगलंस?"

"कोणाला?"

"तुज्या त्या गुरुवारच्या बाईक. झोप नसताना काय आठवता, असा इचारल्यान ना तिनी?"

कावळा पायरीवर आला, पाकळ्यांच्या ताटलीकडे बघून गेला.

"नाही," हेमंत म्हणाला.

"एकदा पण नाय?"

"नाही. मी तिला कामाचा ताण सांगायचो. माणसं ऐकत नाहीत ते सांगायचो. मला वेळ पुरत नाही, त्याचं काय करू, हे विचारायचो. एका गुरुवारी ती म्हणाली, हेमंत, आपण कुठल्यातरी गोष्टीच्या कडेकडेनं फिरतोय असं मला वाटतंय, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, तुम्हाला कारखान्यातलं काही कळत नाही. त्यानंतर गेलोच नाही."

"सहा म्हयने."

"चोवीस गुरुवार." "मला वाटायचं, ती हुशार आहे, शिकलेली आहे, तिला आपोआप कळेल. मी न सांगता कळेल. आणि कळलं की तीच काहीतरी करेल, आणि हे माझ्या अंगावरून निघून जाईल. सांगितलं असतं तर... तिला काय वाटलं असतं माझ्याबद्दल?"

"तिका?"

"मला लाज वाटते, तात्या. इतकी लाज वाटते की इथं बसवत नाही, आणि उठवतही नाही."

तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. धीर दिला नाही. नारळाचा तुकडा अजून त्यांच्या बोटांत होता, तो त्यांनी दोघांच्या मधे जमिनीवर ठेवला.

...

हेमंत एकदम पुढे सरकला. वाटी ओढली.

"पुन्हा लावतो. या वेळी नीट लावतो. दोन्ही सारख्या."

तात्यांनी ताटलीतून दोन पाकळ्या उचलल्या. एक खाली पडली, ती पुन्हा उचलली. दोन्ही त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"लाव. पण गाऱ्हाणा तुजा तू घाल. माजो आवाज बसलो."

तात्यांचा आवाज बसलेला नव्हता.

हेमंतनं पाषाणाकडे तोंड केलं. घसा साफ केला.

"देवा... नवनाथ खाडेनं..." थांबला. "देवा, मी त्याला जाळी काढायला सांगितलं. फोनवर. ते मला आठवतं. आणि मी लिहून दिलं, आठवत नाही. तर आता मी..."

पुढचं आलं नाही.

"तर आता मी..."

तो तिथं उकिडवा बसून राहिला, तळहात समोर धरून. त्याचे ओठ हलत होते, प्रश्न काही होत नव्हता. पाकळ्या त्याच्या हातातच सुकत चालल्या. मला वाटत होतं, आता तरी विचारेल. मग मला वाटायला लागलं, नको विचारू रे बाबा.

त्यानं त्या दोन्ही पाकळ्या पाषाणाच्या पायाशी ठेवल्या. न लावताच.

उठला. नारळाचा तुकडा जमिनीवर होता, तो आपण होऊन उचलला. खाल्ला नाही, मुठीत धरला.

"फोन कर त्या बाईक," तात्या म्हणाले.

"आज? रविवार आहे." मग म्हणाला, "फोन करून काय सांगू?"

"ती इचारता मा. मगे सांग."

पावणेचार झाले होते. हेमंत पायरीवर बसून बूट घालायला लागला. एका बुटाची नाडी बांधली, दुसऱ्याची बांधता बांधता थांबला, आणि मान न वळवता बोलला. आवाज लहान झाला होता, शाळेतल्या पोरासारखा.

"तात्या, पण मघाशी उजवा पडला."

तात्या पाषाणाशी गेले होते.

"म्हणजे मी दाबली हे खरं. तरी गाऱ्हाणं तुम्ही घातलंत, देवासमोर घातलंत, आणि पाकळी उजवी पडली. कौल पडला तो पडला. आमच्या घरात आजवर कोणी कौल मोडलेला नाही. बाबांनी नाही, आजोबांनी नाही. उद्या मी तिथं जाऊन खरं सांगितलं, तर देवाचा शब्द मोडला असं होईल ना?"

तो बहाणा करत नव्हता. मी त्याचा चेहरा पाहिला. तो खरोखर घाबरला होता. या गावचा माणूस आहे तो, कुठंही वाढला तरी. तिसऱ्या कौलानंतर मीही असंच कितीदा स्वतःला सांगत होतो, देवानंच सांगितलंय, मी काय करणार?

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांचं उत्तर मलाही हवं होतं.

डावीकडची पाकळी अजून पाषाणाला चिकटलेली होती. तात्या ती नखानं खरवडून काढत होते. निघत नव्हती. त्यांनी वाटीत बोट बुडवलं, तिच्यावर पाणी सोडलं आणि पुन्हा नख लावलं.

"मगाशी?" ते म्हणाले. "मगाशी देवाक इचारलेलंस खंय?"